पुडीबरोबर गोष्ट का देते? तुम्ही विचारलंत म्हणून...

"सिस्टर, ओआरएसची पुडी द्यायची म्हणजे चार वाक्यांचं काम. त्याला अर्धा तास गोष्ट कशाला?" नवीन आशाताई विचारतात, आढावा बैठकीत साहेब विचारतात, घरी माझी मुलगीही विचारते. अमळनेर-पारोळ्याकडच्या गावांमध्ये मी २२ वर्षं एएनएम, म्हणजे गावोगाव जाणारी सरकारी नर्स, म्हणून फिरते आहे. तेव्हा एकदा नीट उत्तर देते.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका घरात १० महिन्यांच्या बाळाला जुलाब लागले होते. मी ओआरएसच्या, म्हणजे जुलाबात पाण्यात घालून पाजायच्या मीठ-साखरेच्या, दोन पुड्या दिल्या आणि शिकले होते तसं सगळं सांगितलं. अख्खी पुडी एकदम एक लिटर पिण्याच्या पाण्यात घालायची, २४ तासांनी उरलेलं फेकायचं, अंगावरचं दूध चालू ठेवायचं, झिंकची गोळी १४ दिवस द्यायची. सुनेनं मान हलवली. मला वाटलं, समजलं.

दुसऱ्या दिवशी गेले तर बाळाची टाळू खोल गेलेली. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली, सावकाश खाली बसली. पुडी अर्धी शिल्लक होती. चिमूट-चिमूट ग्लासात घालून दोनदाच पाजली होती, कारण सासूबाईंनी पाणी तोडायला सांगितलं होतं. वरून पाणी घातलं की खालून जुलाब वाढतात, हे त्यांनी आयुष्यभर ऐकलेलं. बाळाला ग्रामीण रुग्णालयात नेलं, सलाईन लावलं, बाळ वाचलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. चूक सुनेची नव्हती, सासूचीही नव्हती. सासूच्या डोक्यात पिढ्यांपासून चालत आलेली एक अख्खी गोष्ट होती. तिच्यापुढे माझ्या चार सूचना कुठे टिकणार?

तेव्हा मला आजी आठवली. आमच्याकडे खान्देशात श्रावणात कानबाई देवी बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी रात्रभर जागरण, गाणी, आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर विसर्जन. जागरणात गाणी जरा थांबली की आजी तिच्या दुसऱ्या मुलाची गोष्ट सांगायची. वैशाखातले दिवस, लेकराला जुलाब. जाणत्या बाईनं सांगितलं, पाण्याचा थेंब द्यायचा नाही. लेकरू माठाकडे हात करायचं, म्हणून आजी माठाला पाठ लावून मध्ये बसली होती. आम्हा पोरांना शेवट माहीत असायचा, तरी दरवर्षी विचारायचो, "मंग काय व्हयनं?" आजी म्हणायची, "मंग माठ भरेलच राहयना." माठ भरलेलाच राहिला.

पुढच्या वेळी पुड्या वाटायला गेले तेव्हा सुनेशी बोलायच्या आधी ओट्यावरच्या म्हाताऱ्यांजवळ बसले आणि हीच गोष्ट सांगितली, आजीनं सांगितली तशी. कुणी काही बोललं नाही. मग एक मावशी स्वतःच्या भावाचं सांगू लागली. दुसरी तिच्या पहिल्या मुलीचं. तिसरी उठून आत गेली आणि रिकामी लिटरची बाटली घेऊन आली. "इतलंच पानी ना, सिस्टर?" असं तिनंच मला विचारलं.

या बायकांना लसीकरणाचं कार्ड वाचता येत नाही म्हणून त्यांच्या लक्षात काही राहत नाही, असं समजणारी माणसं मला भेटतात. अहो, आपल्या बहिणाबाई चौधरींना कुठे लिहिता-वाचता येत होतं? जात्यावर, शेतात जे सुचलं ते तोंडात राहिलं, मुलानं, सोपानदेवांनी, टिपून ठेवलं. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली ते पुस्तकात आलं.

गोष्टीनं नुकसानही होतं, हे मला चांगलं माहीत आहे. अफवा ही गोष्टच असते. "पलीकडच्या गावात सुई दिली अन् पोर गेलं." कोविडच्या लसीच्या वेळी, २०२१ मध्ये, अशा गोष्टी आमच्या आधी गावात पोचायच्या. खोटं आहे म्हटलं की माणसं गप्प होतात आणि लस घेत नाहीत. म्हणून मी विचारते, कुठलं गाव? कुणाचं पोर? आजारी कधी पडलं होतं? गोष्टीच्या मागे मागे जात राहिलं की बहुतेक वेळा दोन घरांपलीकडे ती कुणालाच ठाऊक नसते. आणि माझ्याही गोष्टीला मी एक नियम घातला आहे. पेंटा, म्हणजे पाच आजारांवरची एकत्र लस, दिल्यावर बाळाला ताप येऊ शकतो, तर तो गोष्टीतही येतो. आणि एका घरचं दुखणं दुसऱ्या घरात सांगायचं नाही. सांगायचं ते माझ्या घरचं.

वडील गेले तेव्हा मात्र गोष्ट माझ्या आईच्या कामाला आली. आमच्याकडे माणसं दारावर बसायला येतात. येणारा प्रत्येक जण विचारतो, "कसं झालं?" पहिल्या दिवशी मला त्या प्रश्नाचा राग यायचा. आई प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायची: पहाटे छातीत दुखलं, रिक्षा मिळाली नाही, गाडी येईपर्यंत उशीर झाला. तिसऱ्या दिवशी त्यात त्यांनी मागितलेला चहा आला. सातव्या-आठव्या दिवशी सांगता सांगता ती आदल्या रात्रीच्या शेवभाजीवर आली, तिखट जास्त झालं म्हणून ते कसे चिडले होते त्यावर, आणि हसली. तिला गप्प राहा, आराम कर म्हणणारी मीच होते. बरं झालं तिनं ऐकलं नाही.

मागच्या पावसाळ्यात एका गल्लीतून जात होते. दारातून ओळखीचा आवाज आला, लिटरची बाटली आणणाऱ्या मावशींचा. नातसुनेला गोष्ट सांगत होत्या. माठ होता, वैशाख होता. गाव मात्र बदललं होतं, आणि माझी आजी त्यांची मामी झाली होती. नातसून हळूच म्हणाली, "मंग काय व्हयनं?"

मी चप्पल न काढता उंबऱ्याशी थांबले. मामीचं काही दुरुस्त केलं नाही. चुलीजवळ बाटली ठेवली होती, पाणी गळ्यापर्यंत भरलेलं होतं आणि शेजारी रिकामी पुडी पडली होती, पूर्ण रिकामी.