फॉरमॅट मार!

स्क्रीनवरचं सगळं पांढरं आज अचानक पिवळं पडलं. त्यातच नेटही गेलं. बाबांचा निकाल तयार: "व्हायरस शिरलाय. फॉरमॅट मार."

स्क्रीनशॉट काढला, पेनड्राइव्हने लॅपटॉपवर पाहिला. रंग ठणठणीत! म्हणजे कॉम्प्युटर चित्र बरोबर बनवतोय, घोळ पुढे वाटेत आहे. मॉनिटर बंद करून व्हीजीए केबल (कॉम्प्युटरमधून मॉनिटरला चित्र नेणारी) काढली. तिच्यात 15 पिनांची जागा असते. पहिली लाल रंग नेते, दुसरी हिरवा, तिसरी निळा. ती तिसरीच वाकून आडवी पडलेली. निळा पोचतच नव्हता, आणि लाल-हिरवा प्रकाश मिसळला की पिवळाच दिसणार. चिमट्याने अलगद सरळ केली.

नेटचं दुखणं निराळंच. आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा कॉम्प्युटरचा नंबर, 169.254 ने सुरू होणारा, म्हणजे राउटरने पत्ता दिलाच नाही. विंडोजने आपला आपणच लावून घेतला. राउटर बंद करून चालू केला, नेट आलं.

दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. फक्त एका वेळी आली, म्हणून व्हायरसवर आळ! फॉरमॅट मारलं असतं तर फोटो गेले असते, हिशेब गेले असते, आणि स्क्रीन तरीही पिवळाच. (बाबा अजून म्हणतात, "तरी एकदा मारून घे.")

तुमच्या घरी हे 'फॉरमॅट मार' कोण म्हणतं?