ब्रेकवरची दोन बोटं

सायकल चालवताना दोन बोटं कायम ब्रेकवर ठेवायची, असं वडिलांनी शिकवलं होतं. गल्लीतून पोर, कुत्रं, चेंडू, काहीही निघू शकतं म्हणून. चाळीस वर्षं झाली, बोटं अजून तिथेच आहेत. कारण मात्र बदललं. आता गल्लीतून फोटो निघतो.

सकाळी सहाच्या सुमारास कोथरूडहून निघायचं, कॅमेऱ्याचा पट्टा छातीवरून तिरपा घेऊन कॅमेरा पाठीवर सरकवायचा, लकडी पुलावरून पेठांत शिरायचं आणि आंघोळीला गरम पाणी शिल्लक असेल अशा बेताने घरी परतायचं, हा माझा गेल्या काही वर्षांचा उद्योग. कॅमेरा एका मित्राने घर आवरताना दिला. "घेतोस का, नाहीतर भंगारात चाललाय," इतक्या प्रेमाने. त्याला एकच लेन्स आहे, ५० मिलिमीटरची. जाणकार म्हणतात, फार सुंदर लेन्स आहे. असेल. पण सदाशिव पेठेच्या बोळात ती डोळ्याला लावली की समोरच्याचं नाक तेवढं येतं. माणूस अख्खा यावा म्हणून मागे सरकावं, तर मागे गटार किंवा त्याहून वाईट, कुणाची तरी कालच आणलेली स्कूटर. शिवाय मी एकटा मागे सरकत नाही, दोन पायांत सायकल असते.

थोडा हिशेब सांगतो. रमतगमत सायकल चालवली तरी ताशी पंधरा किलोमीटर होतात, म्हणजे सेकंदाला चार मीटर. पेठेतल्या जुन्या दुकानाचा गाळा असतो दहा फुटांचा. म्हणजे एक दुकान, त्याची फळी, पायरीवरचा माणूस, त्याच्या हातातला चहा आणि वरची 'येथे बसू नये' ही पाटी, हे सगळं मिळून माझ्या वाट्याला पाऊण सेकंद येतं. तेवढ्यात ठरवायचं, बोटं दाबायची की नाही. दाबली तर मागचा रिक्षावाला माझ्या घराण्याचा उद्धार करणार. नाही दाबली तर पुढचे दोन चौक चुटपुट. पायी हिंडणाऱ्याला सगळं दिसतं, पण दीड तासात त्याच्या दोनच पेठा होतात. स्कूटरवाल्याला पुढच्या गाडीची नंबरप्लेट दिसते. सायकलवर सगळं अगदी पुरेसं दिसतं, आणि त्यातलं बरंचसं हुकतं.

हुकलेल्यांत सगळ्यात जिव्हारी लागलेला फोटो उंदराचा. गणेश चतुर्थीच्या चार दिवस आधी, कसब्यात, समोरून एक आठवी-नववीतला मुलगा सायकलवर आला. कॅरिअरवर जुन्या ट्यूबने आवळून बांधलेला मंडळाच्या गणपतीचा उंदीर. चांगला दोन फुटी, ताजा रंगवलेला, हात जोडून डबलसीट बसलेला. पोरगा घामाघूम आणि उंदीर एकदम प्रसन्न. मी बघतच राहिलो, आणि बघत राहिलो म्हणूनच ब्रेक राहिला. वळून मागे गेलो तोवर दोघेही कुठल्या तरी बोळात गडप. तेव्हापासून दर वर्षी त्या चार दिवसांत मी त्या भागात चकरा मारतो. उंदीर येत नाही.

एक दिशा मार्ग हे आणखी एक दुखणं. फर्ग्युसन रस्ता एका दिशेने जातो, जंगली महाराज रस्ता उलट दिशेने. एकावर फोटो हुकला की नियमाने वागणाऱ्याला दुसऱ्यावरून अख्खा वळसा. जंगली महाराज रस्ता १९७०च्या दशकात बांधला आणि पुढे वर्षानुवर्षं त्यावर खड्डा पडला नाही, ही कथा पुण्यात पुराणासारखी सांगितली जाते. गळ्यात कॅमेरा अडकवलेल्या सायकलवाल्याइतकी तिची किंमत कुणाला कळायची नाही. मी हल्ली सरळ उतरतो आणि सायकल हातात धरून फुटपाथवरून मागे चालत येतो. सायकल हातात धरली की आपण पादचारी होतो. पुण्यातल्या रस्त्यांवर पादचाऱ्याला हक्क नसले, तरी त्याला नो एंट्री नसते.

बरं, ब्रेक लागला, पाय टेकला, कॅमेरा पुढे आला, म्हणजे फोटो मिळालाच असं नाही. आता प्रश्न येतो. मुंबईत कुणी विचारत नाही म्हणतात, आमच्याकडे विचारतात. नारायण पेठेत एका वाड्याच्या दिंडी दरवाजावर फार सुरेख ऊन पडलं होतं. कडी, मोळे, खालच्या फळीला लागलेली वाळवी, सगळं लख्ख. दोन फोटो काढले नाहीत तोच आतून आजी आल्या.

"बिल्डरकडून का?"

"नाही हो आजी. सहज काढतोय."

"सहज?" त्यांनी मला, सायकलला आणि कॅमेऱ्याला, त्याच क्रमाने पाहिलं. "मागच्या महिन्यात एक जण असाच सहज आला होता. टेप घेऊन."

त्यांचं चुकत नव्हतं. पेठेतल्या वाड्याचा फोटो पाडण्याआधी काढतात, नाहीतर पाडताना. उभ्या, नांदत्या वाड्याचा फोटो सहज कोण काढेल? टपऱ्यांपाशी हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत येतो, "अतिक्रमणवाले का?" हा शब्द निघाला की समोरचे दोन स्टूल आणि एक पिंप आपोआप आत जातात आणि चौकट मोडते. मी 'सहज' सोडून दुसरी उत्तरंही वापरून पाहिली. 'छंद आहे' म्हटलं की लोक माझं वय विचारतात. 'आवडलं म्हणून' म्हटलं की आपल्या दुकानात आवडण्यासारखं काय आहे ते स्वतः मागे वळून शोधायला लागतात. त्या वेळी पाठमोरे येतात, पण फोटो चांगला येतो.

मंडईत मात्र व्यवहार रोखठोक. आठ कोनांची, १८८६ साली उघडलेली ही इमारत मुळात गव्हर्नरच्या नावाने 'रे मार्केट' होती. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी तिच्यावरच्या खर्चाला विरोध केला होता, पैसे शिक्षणावर घाला म्हणून. पुढे तिला नाव त्यांचंच मिळालं. जुन्या मंडईत विकणारा उंच ओट्यावर, भाजीच्या राशीत बसतो आणि घेणारा खाली उभा राहतो. त्यामुळे कॅमेरा आपोआप वर बघतो, आणि दुधी-भोपळ्यांच्या मखरात बसलेली प्रत्येक मावशी देवीसारखी दिसते. देवीला ते माहीत असतं. "फोटो काढ हवे तेवढे, पण जुडी घे." मंडईतला एक फोटो मला सरासरी दोन जुड्यांना पडतो. घरी मेथीचा कंटाळा आला की मला कसबा पेठेकडे वळावं लागतं.

तिथे तांबट आळी आहे. ती दिसण्याआधी ऐकू येते. तांब्याच्या भांड्यावर हातोडीने मठारकाम चाललेलं असतं. एकसारखे, एकाला एक चिकटून ठोके. त्याने भांड्याला नुसती नक्षी येत नाही, ठोकून ठोकून पत्रा कडक होतो. प्रत्येक ठोक्याची एक बारीक खळी उठते आणि प्रत्येक खळीत दाराचा उजेड वेगळा सांडतो. बघत राहावं. फोटो काढायला गेलं की पंचाईत. शटर १/५०० सेकंदावर ठेवलं तर हातोडी अशी थिजते की कारागिराने ती भांड्यावर टेकवून विश्रांती घेतलीय असं वाटावं. १/३० ठेवलं तर हात आणि हातोडी दोन्ही धुरकट. बऱ्याच सकाळी घालवल्यावर मी १/६० वर आलो: भांडं स्थिर, मनगट ओळखू येतं, आणि हातोडीच्या जागी नुसता एक तांबूस फराटा. कारागिराला पडद्यावर दाखवला. त्याने मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाला, "हललाय की." मी समजावणार होतो, पण त्याचा पुढचा ठोका पडलाही होता. आवाज तर कुठल्याच फोटोत आला नाही. त्या आळीचे माझे सगळे फोटो मुके आहेत.

सायकल आणि कॅमेरा या जोडीचा शोध काही मी लावलेला नाही. देशातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला या मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या. त्या दिल्लीत साडी नेसून, खांद्याला कॅमेरे लटकवून सायकलवरून कामाला जात. पुढे गाडी घेतली तेव्हा नंबर मिळाला डीएलडी १३, म्हणून त्यांनी टोपणनाव घेतलं 'डालडा १३'. सायकलला नंबर नसतो, नाहीतर आधीच काही तरी झालं असतं. आता नसतो म्हणायचं. आमच्या वडिलांच्या सायकलला पालिकेचा पत्र्याचा बिल्ला होता आणि अंधार पडल्यावर दिवा नसेल तर पोलीस धरत. दिवा डायनॅमोचा. टायरला घासून चालायचा. उतारावर लख्ख, चढावर मिणमिणता, म्हणजे जिथे दम लागतो तिथेच अंधार.

वडिलांकडे आग्फाचा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये बारा फोटो. मागच्या लाल खिडकीतून आकडा बघत रोल पुढे सरकवायचा. हे बारा फोटो ते वर्षभर पुरवत. अकरांत नातेवाईक असत. सगळे ओळीत उभे, सूर्याकडे तोंड करून, डोळे मिचकावत. बारावा दसऱ्याचा. हार घातलेली सायकल, स्टँडवर, एकटी. त्यातला एक फोटो माझ्या टेबलावर आहे. वडिलांनी सायकलच काढली होती, पण चौकोनी चौकटीत कडेने रस्ता शिरला. टांग्याचं एक चाक आणि घोड्याची नुसती शेपटी, हाफपँटमधला एक मुलगा जो हलल्यामुळे अर्धा पारदर्शक झालाय, आणि मागे एका दुकानाची पाटी, जिच्यावरचं 'स्वदेशी' एवढंच वाचता येतं. वडिलांना विचारलं होतं, हा मुलगा कोण? म्हणाले, "कोण जाणे. मध्ये आला." माझ्या कार्डात आता हजारो फोटो मावतात, तरी मध्ये येणारं कुणी राहत नाही, कारण मी त्यालाच काढायला गेलेलो असतो.

आता पंक्चरवाल्या मामांचं सांगतो आणि थांबतो. घराजवळच्या वळणावर त्यांची टपरी आहे. हवेचा पंप, घमेल्यात काळं पाणी, लोंबकळणाऱ्या ट्यूबा. ट्यूब पाण्यात दाबून ते भोक शोधतात तो क्षण मला फार आवडतो. हात कोपरापर्यंत ओला, नजर पाण्यावर, आणि मग एका जागी बुडबुड्यांची माळ. एका सकाळी ती माळ मला नेमकी मिळाली. घरी येऊन मोठी करून पाहिली. बुडबुडा न् बुडबुडा सुटा. फक्त डाव्या कोपऱ्यात, टपरीला टेकवलेल्या माझ्याच सायकलचं मागचं चाक शिरलं होतं. त्याने चौकट बिघडली असं माझं मत. तरी प्रिंट काढली आणि मामांना नेऊन दिली.

त्यांनी हात पुसले, प्रिंट उजेडात धरली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. बुडबुड्यांकडे त्यांनी पाहिलंच नाही. अंगठा थेट कोपऱ्यातल्या चाकावर.

"साहेब, तुमचं मागचं ब्रेकचं रबर रिमला चिकटलंय."

"फोटोत दिसतंय?"

"चांगला स्वच्छ आलाय की फोटो. बघा ना, या बाजूला फट आहे, या बाजूला नाही. किती दिवस असं चालवताय? जड नाही जात?"

जात होती. मी ते वयावर ढकललं होतं. मामांनी सायकल उलटी केली, चाक फिरवलं. दीड फेऱ्यांत थांबलं. पाना घेतला, रबर सैल केलं, सरकवलं, दोन आरे आवळले, पुन्हा फिरवलं. चाक फिरतच राहिलं. पैसे घेतले नाहीत, प्रिंट पंपाच्या वरच्या खिळ्याला टोचली.

दुसऱ्या दिवशी लकडी पुलाचा उतार कधी संपला कळलंच नाही. अलका चौकात पेपरवाले फुटपाथवर मांडी घालून पुरवण्या घालत होते. एकाच्या मांडीवर मांजर, आणि तो तिच्या पाठीवर पेपर ठेवूनच घड्या घालत होता. मी बोटं दाबेपर्यंत पुढच्या सिग्नलला पोचलो होतो.