दीड अंशानं असं काय बिघडतं? तुम्ही विचारलंत म्हणून

"मॅडम, पहाटे चोवीस असतं, दुपारी चौतीस. दहा अंशांचा फरक आपण रोजच सोसतो. मग पृथ्वी दीड अंशानं तापली तर एवढं काय बिघडलं?"

हा प्रश्न मला पालक विचारतात, सोसायटीतले शेजारी विचारतात, मुलांना घेऊन ऐरोलीला खाडीकाठी जाते तेव्हा सोबत आलेले एखादे आजोबाही विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि त्याला घाईनं उत्तर देऊ नये असं मला वाटतं. मी ठाण्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे माझं उत्तर आभाळापेक्षा पेशीतून येतं. उष्णता वाढली की जिवंत पेशीचा ऊर्जेचा खर्च वाढतो. मिळकत त्या मानानं वाढत नाही, आणि एका मर्यादेपुढे तर ती घटायला लागते. दिवसाची तूट भरून काढायची ती थंड रात्री, पण आता रात्रीही तापू लागल्या आहेत.

वर्गात मी दरवर्षी एक प्रयोग लावते. एका थर्मासमध्ये मोड आलेले मूग, दुसऱ्यात उकडून गार केलेले मूग, दोन्हींच्या तोंडाला कापूस आणि त्यातून आत सोडलेला थर्मामीटर. दुसऱ्या दिवशी मोडांच्या थर्मासमधला पारा चढलेला असतो, उकडलेल्यांचा खोलीइतकाच राहतो. उकडलेले मूग जंतुनाशकाच्या पाण्यातून काढावे लागतात, नाहीतर त्यांच्यावर बुरशी धरते आणि तिच्या श्वसनानं तोही थर्मास तापतो. मुलांना ही गोष्ट सगळ्यात जास्त पटते, की ऊब मुगाची नाही, जिवंतपणाची आहे.

स्वयंपाकघरात हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. मे महिन्यात मटकी भिजवून फडक्यात बांधली की सकाळी मोड बोटभर लांब, फडकं कोमट आणि वास आंबूस. जानेवारीत तीच मटकी मोडासाठी थांबायला लावते. पेशीतल्या बहुतेक रासायनिक क्रियांचा वेग दहा अंशांमागे साधारण दुप्पट होतो, म्हणून हा फरक. मोडाला अजून पान फुटलेलं नसतं, म्हणजे मिळकत शून्य. दाण्यात साठवलेल्या पिठावर तो जगतो, आणि उष्णता वाढेल तसं ते पीठ लवकर संपतं.

हा खर्च नेमका कुठे होतो? पेशीतल्या तंतुकणिकांत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांत. अन्नातून निघालेल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेवर त्या आपल्या आतल्या पटलापलीकडे प्रोटॉन ढकलतात. ते प्रोटॉन परत आत येताना एका फिरत्या प्रथिनातून येतात आणि त्या फिरण्यातून एटीपी, म्हणजे पेशीत ऊर्जा वाहून नेणारा रेणू, तयार होतं. स्नायू हलणं, मेंदू चालणं, मीठ पेशीबाहेर काढणं, सगळं त्या एटीपीवर. पीटर मिचेल यांनी ही कल्पना १९६१ मध्ये मांडली तेव्हा बहुतेकांना ती पटली नव्हती; १९७८ मध्ये त्यांना तिच्यासाठी नोबेल मिळालं. नुसता पडून राहिलेला माणूससुद्धा दिवसभरात सुमारे ४० किलो एटीपी वापरतो, आणि अंगात ते एका वेळी जेमतेम १०० ग्रॅमच्या आसपास असतं. म्हणजे तेच रेणू दिवसातून शेकडो वेळा मोडून पुन्हा बनवावे लागतात. या यंत्रणेला विसावा नाही.

आता त्या पटलाकडे बघा. ते स्निग्ध पदार्थाचं असतं, आणि उष्णतेनं ते सैल पडतं. प्रोटॉन ठरलेल्या वाटेनं न येता मधूनच झिरपतात. झिरपलेल्या प्रोटॉनातून एटीपी मिळत नाही, फक्त उष्णता मिळते. तेवढंच एटीपी बनवायला आता जास्त साखर आणि जास्त प्राणवायू लागतो. त्यात दुरुस्ती वेगळीच. १९६२ मध्ये फेरुच्चो रितोसा या इटालियन शास्त्रज्ञानं फळमाश्यांमध्ये एक गोष्ट पाहिली. प्रयोगशाळेत कुणीतरी उबवणीपेटीचं तापमान वाढवून ठेवलं होतं, आणि माश्यांच्या गुणसूत्रांवर नेहमी न दिसणारे फुगवटे आले होते. त्यातूनच पुढे उष्मा-आघात प्रथिनांचा शोध लागला. उष्णतेनं घडी मोडलेल्या प्रथिनांना ती पुन्हा आकारात आणतात आणि त्यातली कितीतरी हे काम एटीपी खर्चूनच करतात. म्हणजे ज्या वेळी ऊर्जा मिळवणं महाग झालं, नेमकं त्याच वेळी तिची मागणी वाढली.

मिळकतीची बाजू पानात आहे. पानातलं रुबिस्को हे प्रथिन हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडतं, पण त्याची निवड पक्की नाही. साधारण २५ अंशांना भातासारख्या पिकात ते चारातल्या एका वेळी कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन पकडून बसतं, आणि ती चूक निस्तरायला वनस्पतीला हातची ऊर्जा घालवावी लागते. तापमान चढलं की ही चूक वाढते. नाचणी, ज्वारी, ऊस यांनी कार्बन डायऑक्साइड आधी एकवटून मग रुबिस्कोला देण्याची वेगळी सोय केली आहे, म्हणून त्या उन्हात टिकतात. भाताकडे ती सोय नाही. त्यातून फुलोऱ्याच्या वेळी पारा ३५ च्या वर गेला की परागकण निकामी होतात आणि लोंबीत दाण्याऐवजी पळिंज राहतं.

दिवसाचं हे सगळं लोकांना पटकन कळतं. रात्रीचं सांगितलं की चेहरे बदलतात. रात्री प्रकाश नाही, म्हणजे पानाची कमाई बंद. श्वसन मात्र चालूच, आणि उकाड्यात ते जोरात. दाण्यात जायचं पीठ पीक स्वतःच जाळून टाकतं. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं १९९२ ते २००३ या काळातल्या आपल्या शेतातल्या नोंदी तपासल्या. त्यात भाताच्या कोरड्या हंगामातलं रात्रीचं किमान तापमान एका अंशानं वाढलं की उत्पादन १० टक्क्यांनी घटलेलं दिसलं. दुपारच्या कमाल तापमानाशी असा संबंध सापडला नाही. हे २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. मुरबाड-शहापूरकडून घरी तांदूळ येतो अशा कुणाशी बोलताना मी हा आकडा सांगतेच. एका अंशानं काय होतं याचं याहून सरळ उत्तर माझ्याकडे नाही.

आणि दहा अंशांच्या चढउताराचं काय? पेशीचा वेग तापमानाबरोबर हळूहळू चढतो, शिखर गाठतो आणि तिथून एकदम कोसळतो. चढणीवर दोन अंश इकडे-तिकडे झाले तर फारसं कळत नाही. शिखरावर उभं असताना दीड अंश म्हणजे उतरण लागली. आपल्याकडचे कितीतरी जीव आधीच त्या शिखराच्या जवळ जगतात. थंड प्रदेशातल्या जीवांना वर जायला अजून जागा आहे. शिवाय दीड अंश ही साऱ्या पृथ्वीची सरासरी. समुद्रापेक्षा जमीन जास्त तापते. २०२४ हे औद्योगिक काळापूर्वीच्या सरासरीच्या दीड अंश वर गेलेलं पहिलं वर्ष ठरलं.

खाडीत हा हिशेब आणखी अवघड आहे. गोड्या पाण्याच्या एका लिटरमध्ये २० अंशांना सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात. खाऱ्या पाण्यात त्याहून कमी. पाणी तापलं की बोय, शिंगाळा, जिताडा या माशांच्या पेशी जास्त ऑक्सिजन मागतात आणि पाण्यात तो कमी असतो. ठाण्याच्या खाडीत सांडपाण्यावर वाढणारे जिवाणूही त्याच ऑक्सिजनवर हात मारतात, हेही सांगायला हवं. सगळा दोष हवामानाचा नाही.

ओहोटीला चिखलावर निवटी नावाची मासळी बघा. डोळे डोक्यावर, छातीच्या परांवर रेलून पुढे सरकते, मध्येच कुशीवर लोळून अंग ओलं करून घेते. ओल्या कातडीतून आणि तोंडातल्या ओल्या अस्तरातून ती हवेतला ऑक्सिजन घेते, म्हणून पाण्यातली टंचाई तिला मारत नाही. पण कातडी सुकली की तिचा श्वास संपला. उन्हात ती बिळाच्या तोंडाशी किती वेळा जाते हे मुलांना मोजायला सांगते, तेव्हा ती एकदम गप्प होऊन बघत बसतात.

त्याच चिखलात या विषयाची दुसरी बाजू आहे, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. ऐरोलीच्या पुलावर ओहोटीला नासक्या अंड्यासारखा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइडचा. चिखलात ऑक्सिजन पोचत नाही, म्हणून तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर श्वसन करतात. त्यातून त्यांना ऊर्जा फार थोडी मिळते, म्हणून कुजणं संथ. तिवरांची पानं-मुळं पुरती कुजत नाहीत आणि त्यांच्यातला कार्बन शेकडो वर्षं चिखलात राहतो. तिवरं तोडून भराव टाकला, भरतीचं पाणी अडवलं, चिखल सुकला, की आत ऑक्सिजन शिरतो. मग जिवाणूंना भरपूर ऊर्जा मिळते आणि साठलेला कार्बन हवेत जायला लागतो. नुसत्या तापमानवाढीनंही त्यांचा वेग वाढतोच. हवामान पेशीला बदलतं तशा पेशीही हवामान बदलतात. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा मान, मिळाला तो फ्लेमिंगोंच्या बातमीतून लोकांना कळला. या काळ्या चिखलाबद्दल कुणी बोललं नाही, याचं मला वाईट वाटतं.

एवढं ऐकल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला: "होईल की सवय." थोडी होते. मासे काही आठवड्यांत आपल्या पटलांमधले स्निग्ध पदार्थ बदलतात. माणसाचं शरीरही दहा-पंधरा दिवसांत लवकर आणि जास्त घाम गाळायला शिकतं. पण घाम वाळला तरच अंग थंड होतं. आपल्याकडच्या दमट हवेत तो नुसता ओघळतो. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात उन्हात बसलेल्यांपैकी १४ माणसं उष्माघातानं गेली. पारा तेव्हा ३८ च्या आसपास होता. विदर्भात ४४ ला लोक कामावर जातात, मग इथे ३८ ला असं कसं, असं तेव्हा अनेकांनी विचारलं. त्यात हवेतल्या ओलाव्याचाही हात होता. शरीर थंड करायला रक्त कातडीकडे वळतं, आतड्यांना ते कमी पडतं, तिथल्या पेशींना ऑक्सिजन मिळेनासा होतो, आणि शरीराचं तापमान ४० च्या पुढे गेलं की प्रथिनांच्या घड्या मोडू लागतात. ज्याला आदल्या रात्री गार हवेत झोप मिळाली आहे तो यातून तरून जाण्याची शक्यता जास्त. वागळे इस्टेटमध्ये पत्र्याखाली झोपणाऱ्याला ती मिळत नाही. दिवसभर तापलेला पत्रा, शेजारच्या भिंतींतून मध्यरात्रीपर्यंत बाहेर पडणारी ऊब, आणि हृदय रात्रभर दिवसासारखंच धावत असतं.

म्हणून विचारणाऱ्यांना मी सांगते की बातम्यांत कमाल तापमानाच्या शेजारी किमान तापमानाचा आकडा असतो, तो रोज वाचा. आणि तुमच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमनची केबिन पत्र्याची असेल, तर मार्चच्या आधी तिच्या छतावर चुन्याचे दोन हात मारून घ्या आणि आत पंखा लावून द्या. सोसायटीच्या बैठकीत हा विषय मांडायला कुणी सोबत हवं असेल तर मी येते.