दोष थंड चाकात होता

शिरवळला हायवेला लागून आमचं गॅरेज आहे. साताऱ्याकडून येणारी गाडी खंबाटकीचा बोगदा ओलांडते, ते एस वळण उतरते, खंडाळा मागे टाकते आणि आमच्याकडे पोचते. ब्रेकची जी काही तक्रार असेल ती त्या उतारावर उघडी पडलेली असते, म्हणून आमच्याकडे निम्मं काम ब्रेकचंच.

मागच्या गळीत हंगामातली जानेवारीची सकाळ. दहा टायर गाडी, वर १८ टन साखर, कराडहून भिवंडीला निघालेली. गाडी आत घेतली तीच वासासकट. जळक्या लायनरचा, म्हणजे ब्रेकच्या अस्तराचा वास.

ड्रायव्हर पन्नाशीचे. खाली उतरले आणि चाकाला टेकून उभे राहिले.

“मिस्त्री, मागचं उजवं बघा. परत लायनर जळालं. दोन महिन्यांत तिसऱ्यांदा.”

“मामा, आधी बसा. पाणी प्या. उतारावर न्यूट्रल नव्हती ना केली?”

“नाही ओ, पोरांची शपथ. तिसऱ्यातच होतो, एक्झॉस्ट ब्रेक पण लावलेला. पाय पार तळाला नेला तरी गाडी ऐकंना.”

ग्लास धरलेला हात थरथरत होता. मी काही बोललो नाही. त्यांच्या वाटेवर अजून कात्रजचा बोगदा आणि नवले पुलाचा उतार होता. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री त्याच उतारावर एका अवजड गाडीमुळे ४८ गाड्यांचं नुकसान झाल्याच्या बातम्या आल्या होत्या, ते सगळ्यांनाच आठवतं.

उजवीकडची मागची दोन्ही चाकं इतकी तापलेली, की हात जवळ नेववत नव्हता. आमचा पोरगा पाना घेऊन लगेच उजवीकडे निघाला. त्याची चूक नाही, कुणीही तेच करेल. याआधी दोन ठिकाणी तेच झालं होतं: उजवं चाक खोललं, लायनर बदललं, गाडी सोडली. मी त्याला थांबवलं आणि डावीकडे गेलो. डावीकडच्या ड्रमजवळ हात नेला तर तो जेमतेम कोमट. नुकतीच एवढा घाट उतरलेली, १८ टन माल असलेली गाडी आणि तिचा ड्रम कोमट! म्हणजे डावी चाकं ब्रेक लावतच नव्हती. मागचं सगळं ओझं उजवी दोन चाकं ओढत होती आणि जळत होती. लायनर बिचारं काम करून मेलं होतं.

ड्रम थंड होईपर्यंत दोन तास थांबलो. मामांना झोपायला लावलं. मग गाडी सपाटीवर, चाकांना ओट, हवा साडेसहा बारपर्यंत भरून इंजिन बंद, पार्किंग ब्रेक सोडलेला. चाकाजवळच्या हवेच्या चेंबरमधून ब्रेक लावणारी जी दांडी बाहेर येते, तिच्यावर चेंबरच्या तोंडाशी खडूची रेघ मारली. पोरगा केबिनमध्ये पेडल दाबून बसला. उजवीकडे रेघ दीड इंच पुढे आली, ठीक. डावीकडे सव्वादोन इंच! या टाईप ३० चेंबरची दांडी दोन इंचांच्या आत थांबायला हवी. तिची पूर्ण फेकच अडीच इंचांची असते. आणि हे मोजमाप ड्रम थंड असताना. घाटात ड्रम तापला की फुगतो, लायनर बसवलेल्या शूपासून लांब जातो, दांडीला आणखी पुढे यावं लागतं. उरलेला पाव इंच तिथे संपतो. दांडी चेंबरच्या तळाला टेकते आणि जोर चाकापर्यंत पोचतच नाही.

यात ड्रायव्हरला दोष देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. कारचं पेडल खाली जातं, पायाला कळतं. हवेच्या ब्रेकला पायाखाली फक्त व्हॉल्व्ह असतो. हवा पूर्ण, काटा जागेवर, बझर गप्प, पेडल रोजच्यासारखं. सपाट रस्त्यावर ब्रेक लागतोही. कळतं ते थेट उतारावर.

“मामा, डावीकडचे स्लॅक कधी टाइट केले होते?”

“आज सकाळीच की, कराडला. दर फेरीला करून घ्यावे लागतात.”

इथे माझ्या डोक्यात घंटा वाजली. स्लॅक म्हणजे चेंबरची दांडी आणि ब्रेक यांना जोडणारा, फट कमी-जास्त करणारा भाग. गाडीला ऑटो स्लॅक होते. लायनर झिजेल तसा तो स्वतःच फट भरून काढतो, त्याला हाताने टाइट करायची वेळच येता कामा नये. दर फेरीला टाइट करावा लागतो म्हणजे आतला एकाच दिशेने फिरणारा क्लच गेला. शंभरेक किलोमीटरमध्ये तो होता तिथे परत ढिला पडतो. पाना लावून उलटा फिरवून पाहिला. चांगला स्लॅक उलटा फिरवताना कटकट करतो आणि जोर मागतो. या जातीच्या स्लॅकला १८ न्यूटन मीटरपेक्षा कमी जोर लागला तर क्लच संपला असं धरायचं. हा दोन बोटांनी फिरला. त्याच्या मागच्या एक्सलचा डावाही तसाच.

एकाच गाडीचे, चार वर्षांतले, दोन स्लॅक एकाच तऱ्हेने गेलेले. झीज अशी जोडीने येत नाही. मी चासी नंबर शोधायला गेलो. फ्रेमवर मळीचा थर बसलेला. डिझेलचा बोळा, मग वायर ब्रश, मग सुक्या फडक्याने पुसून वरून आडवा खडू घासला. पासिंगच्या वेळी पेन्सिलने घेतात तसेच सतराही अक्षर-आकडे पांढऱ्यात उमटले. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन लावून ते वाचून दाखवले. पलीकडचा माणूस दोन मिनिटं गप्प होता.

“ही गाडी आमच्या यादीत आहे. स्लॅक बदलायचे आहेत, परत बोलावलंय. अजून आली नाही.”

“कधीपासून बोलावलंय?”

“अकरा महिने झाले. पत्र पाठवलंय.”

पत्र गेलं होतं पहिल्या मालकाच्या पत्त्यावर, ज्याने गाडी दोन वर्षांपूर्वी विकली. आरसी बदलली, इन्शुरन्स बदलला, कंपनीच्या वहीत नाव तेच राहिलं. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ११०अ हे कलम आलं. एप्रिल २०२१ पासून सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी सरकार सक्तीने रिकॉल करायला लावू शकतं, दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत. चांगलंच झालं. इथे तर कंपनीने आपणहून बोलावलं होतं. पण अकरा महिने ते पत्र कुणाच्या तरी टपालात पडलेलं आणि त्याच अकरा महिन्यांत मामा हा घाट दर आठवड्याला उतरत होते. सेकंडहँड ट्रक घेणाऱ्याने चासी नंबर एकदा कंपनीत वाचून दाखवावा, एवढं मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो. रिकॉलचं काम फुकट असतं, पार्ट आणि मजुरी दोन्ही, हेसुद्धा पुष्कळ मालकांना माहीत नसतं. खर्चाच्या भीतीने ते विचारतच नाहीत.

मालकाला फोन केला. त्यांना आधी माल कधी पोचणार याचीच काळजी. ते साहजिक आहे. शेवटी माल दुसऱ्या गाडीत भरून पाठवला. सर्व्हिस सेंटरची माणसं दुसऱ्या दिवशी पार्ट घेऊन आली. त्यांनी पार्किंग ब्रेकची स्प्रिंग असते त्या चेंबरला बोल्ट घालून स्प्रिंग आवळून घेतली, मगच दांडीला हात लावला. पोराला मी मुद्दाम शेजारी उभं केलं होतं. ती स्प्रिंग टनाच्या आसपास जोर धरून बसलेली असते. घाईत कुणी क्लॅम्पच उघडला तर झाकण छातीत बसतं.

पण पहिल्याच दिवशी दुपारी, तो फोन ठेवता ठेवता, मी मालकांना विचारलं, “शेठ, अशा अजून किती गाड्या आहेत?”

“तीन. त्याच माणसाकडून घेतलेल्या.”

“आरसी समोर आहेत का? नंबर वाचा.”

त्यांनी वाचले, मी खडूने भिंतीवर लिहिले, सर्व्हिस सेंटरला सांगितले. तीनपैकी दोन यादीत निघाल्या. एक यार्डात उभी होती.

“आणि दुसरी?”

“कांदा भरून नाशिकहून मुंबईला निघालीय. आत्ताच ड्रायव्हरचा फोन होता, इगतपुरीला चहाला थांबलाय.”

इगतपुरीनंतर कसारा घाट.

“शेठ, त्याला म्हणावं, किल्ली काढून खिशात ठेव.”

संध्याकाळी इगतपुरीच्या एका मिस्त्रीने ढाब्यासमोरच तिच्या दांड्या मोजल्या. मागच्या उजव्या चाकाची सव्वादोन इंच निघाली, डाव्याची दोनच्या जरा वर.