हेड उतरवल्यानंतरचा प्लग: आठ, नऊ, दहा आणि पुन्हा नऊ

मागच्या नोंदीत इंजिनाचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) अर्धा मिलिमीटर घासून उतरवून बसवलं होतं, म्हणजे कॉम्प्रेशन वाढवलं होतं. सोल्डरची तार घालून मोजलं तेव्हा स्क्विश (पिस्टन आणि हेडच्या कडेमधली फट) १.६ वरून १.१ मिलिमीटरवर आला होता. त्यानंतरचे तीन आठवडे सगळे स्पार्क प्लगमध्ये गेले आणि त्यातला एकही दिवस मला वाया गेल्यासारखा वाटत नाही. गाडी तीच: १२५ सीसी, सिंगल, टू-स्ट्रोक, सीडीआय इग्निशन, पेट्रोल-तेल ३२ ला १.

हेडमध्ये आधी एनजीकेचा बीआर८ईएस होता. या नंबरात सगळं लिहिलेलं असतं. बी म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे, आर म्हणजे आत रोध (रेझिस्टर), ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर. मधला ८ ही हीट रेंज, म्हणजे प्लग किती थंड किंवा गरम. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होतो. बॉश आणि चॅम्पियनमध्ये उलट, आकडा वाढला की गरम. कंपनी बदलताना तक्ता पाहिल्याशिवाय प्लग लावू नका, चुकीच्या दिशेने दोन पायऱ्या गेलात तर पिस्टनला भोक पडू शकतं. (चॅम्पियन हे नाव ज्याचं, तो अल्बेर शांपियों सायकलपटू होता. १८९९ ची पॅरिस-रुबे शर्यत त्याने जिंकली होती. प्लगच्या डबीवर एका शर्यतवाल्याचं नाव आहे याचा मला दर वेळी आनंद होतो.)

थंड-गरम याचा ठिणगीशी संबंध नाही. आतल्या चिनी मातीचं नाक आखूड असेल तर उष्णता पटकन हेडमध्ये उतरते, तो थंड प्लग. नाक लांब असेल तर उष्णता रेंगाळते, तो गरम. नाकाचं टोक साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या वर राहिलं तर काजळी जळून जाते. ८०० च्या बरंच वर गेलं तर ठिणगीआधीच मिश्रण पेटतं. एका पायरीने टोकाच्या तापमानात ७० ते १०० अंशांचा फरक पडतो. या पट्ट्यात राहायचं, एवढंच हीट रेंजचं काम.

आता प्रत्यक्ष. आठ नंबरवर पहिली फेरी मारून प्लग काढला. चिनी माती खडूसारखी पांढरी. वरच्या वाकड्या पट्टीवर तापमानाने रंग बदलल्याची जी रेघ येते, ती पार खाली, पट्टी जिथे जोडलेली असते तिथे उतरलेली. दहापट भिंग लावलं तर पांढऱ्यावर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके, आणि त्यात दोन-तीन चकचकीत कण. तो पिस्टनचा ॲल्युमिनियम होता. गाडी त्या क्षणी बंद केली ती जेट (कार्ब्युरेटरमधली पेट्रोल मोजून सोडणारी भोकं) आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) तपासेपर्यंत जोरात चालवली नाही.

नऊ नंबर लावला. रेघ बरोबर पट्टीच्या वळणावर आली, म्हणजे हीट रेंज जमली. पण दोन गोष्टी राहिल्या, आणि दोन्हींचा दोष मी आधी प्लगलाच दिला.

पहिली: गाडी तापवताना प्लग ओला होऊन मिसिंग मारायची, म्हणजे मधेच पेट चुकायची. "नऊ फार थंड आहे" असं म्हणून मी परत आठकडे वळणार होतो. मग लक्षात आलं की मिसिंग फक्त थ्रॉटल जवळजवळ बंद असताना आहे. तिथे पायलट जेटचं, म्हणजे थोड्या थ्रॉटलला पेट्रोल देणाऱ्या जेटचं राज्य असतं. पायलट एक नंबर कमी केला आणि नऊ नंबर कोरडा राहू लागला.

दुसरी: ठिपके नऊवरही तसेच. ते येत होते डिटोनेशनमुळे (मिश्रण शांत न जळता एकदम फुटणं), आणि कॉम्प्रेशन वाढवल्यावर जुनं टायमिंग तसंच ठेवणं ही माझी चूक होती. टायमिंग दोन अंश मागे घेतलं, पुढच्या प्लगवर एकही ठिपका नाही. नुसता थंड प्लग लावून डिटोनेशन झाकायला गेलो असतो तर पिस्टन गेला असता.

पूर्ण थ्रॉटलला पेट्रोल देणाऱ्या मेन जेटसाठी प्लग चॉप केला. इंजिन जुन्या प्लगवर तापवलं, नवा कोरा लावला, वरच्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलवर लांब सरळ पट्टा मारला आणि किल स्विच व क्लच एकाच वेळी दाबले. गाडी तशीच घरंगळत आणली. थोडा वेळ जरी इंजिन आयडलला चाललं तर त्या आयडलचाच रंग वाचत बसाल. मग प्लग वाइसमध्ये धरून करवतीने आट्यांचं कवच गोल कापलं. वरून पाहून मिश्रण कळतं यावर माझा विश्वास नाही. खरं वाचन नाकाच्या मुळाशी, जिथे चिनी माती कवचात शिरते तिथे असतं. पहिल्या प्लगवर तिथे काहीच नव्हतं, कोरं पांढरं, म्हणजे पेट्रोल कमी. मेन जेट दोन नंबर वाढवला, पुन्हा फेरी, पुन्हा करवत. या वेळी मुळाशी दोनेक मिलिमीटरचं फिकट तपकिरी कडं होतं, सगळीकडे सारखं. मी ते बराच वेळ उन्हात फिरवून बघत होतो.

यानंतर दहा नंबर मुद्दाम लावून पाहिला. रेघ पट्टीच्या टोकाकडे सरकली, नाकावर काजळी बसू लागली. परत नऊ.

प्लगच्या दोन टोकांमधला गॅप ०.७ मिलिमीटर होता. वरच्या आरपीएमला हलकी अडखळ जाणवायची. दाबाखाली ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे कॉम्प्रेशन वाढल्यावर जुना गॅप जास्त ठरतो. फिलर गेज घालून ०.६ केला, अडखळ गेली. रोधवाला प्लग मी सोडणार नाही. त्याच्याशिवाय इलेक्ट्रॉनिक्समध्ये खरखर शिरते. बसवताना आट्यांना काही लावत नाही, नाहीतर पाना तेवढाच टॉर्क दाखवतो आणि आटे जास्त ताणले जातात. नवा प्लग हाताने टेकेपर्यंत, मग टॉर्क रेंचने २५ ते ३० न्यूटन-मीटर. रेंच नसेल तर टेकल्यावर साधारण अर्धा फेरा. वॉशर एकदा दबला असेल तर फेऱ्याचा जेमतेम बारावा भाग.

पुढच्या फेरीसाठी बीआर९ईजी आणून ठेवला आहे. हीट रेंज तीच, मधला इलेक्ट्रोड बारीक, निकेलचा. जेट, टायमिंग आणि ०.६ चा गॅप यातलं काहीही न बदलता तोच पट्टा मारणार आहे आणि दोन्ही प्लग कापून शेजारी ठेवणार आहे.