आण्णांचा पाय, सूज आणि थांबणं

पावसात आमच्याकडे चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि दरवर्षी वाडीत कोणीतरी आपटतंच, यंदा नंबर आण्णांचा लागला. विहिरीवरून येताना पाय मुरगळून असे पडले की नडगीचं हाड घोट्याच्या जरा वर फुटलं, तडा थेट सांध्यात गेला आणि बाजूचं बारीक हाडही मोडलं. शेजारचे काका म्हणाले हाडवैद्याकडे न्या, कामट्या बांधून देतो तो. मी नाही नेलं. सुजत असलेल्या पायाला करकचून बांधलं तर आतला रक्तपुरवठा बंद पडू शकतो, मग हाड राहिलं बाजूला, पाय वाचवायची वेळ येते. खाली उशी, दोन्ही बाजूंनी पुठ्ठा, सैल बांधलं आणि गाडीत घालून रत्नागिरीला नेलं.

मला वाटलं रात्रीच ऑपरेशन होईल, कसलं काय. पहिल्यांदा फक्त हाडात पिना घालून बाहेरून सळयांचा सांगाडा लावला, एक्स्टर्नल फिक्सेटर म्हणतात त्याला, त्याने हाड लांबीत आलं, मग सीटी स्कॅन, आणि मग सांगितलं की आता थांबा. वाडीतून रोज फोन. काकांचं ठरलेलं वाक्य, "एवढे दिवस काय पायाचं लोणचं घालतायत काय?" बिल वाढवतायत असंही दोघातिघांनी सुचवून झालं.

तर थांबायचं कारण हाड नाही, कातडी. हात लावून बघा, नडगीच्या खालच्या भागावर मांस असं नाहीच, कातडी आणि लगेच हाड. मार बसल्यावर ती तटतटून सुजते, पाण्याचे फोड येतात, आणि तशा कातडीवर चीर दिली तर जखम भरत नाही, टाके उसवतात, पू होतो, कधी आत हाडावर बसवलेली धातूची प्लेट उघडी पडते. म्हणून आठवडाभर, कधी दोन-तीन आठवडेही थांबतात. डॉक्टर रोज सकाळी येऊन घोट्याजवळची कातडी बघायचे. आधी ती वांग्यासारखी चकचकीत होती, मग एक दिवस बारीक सुरकुत्या पडल्या, आणि ते म्हणाले झालं, उद्या घेऊ. सुरकुत्या बघून खूश झालेला माणूस मी पहिल्यांदाच बघितला.

ऑपरेशन झालं, दोन्ही हाडांना प्लेट आणि स्क्रू. तडा सांध्यात नसता आणि जरा वर असता तर हाडाच्या पोकळीतून रॉडही घालता आला असता म्हणे.

घरी आल्यावर खरी परीक्षा. भात नको, आंबट नको, पू होतो, हे आत्येचं. डॉक्टरांनी उलट सांगितलं, सगळं खा, अंडी, मासे, डाळी, नाचणी, बंद करायची तर तंबाखू करा, निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड जुळायला उशीर होतो. आण्णांनी मासे लगेच मान्य केले. तंबाखूवरून मात्र घरात रोज भांडण.

साधारण आठ ते बारा आठवडे पाय टेकायचा नाही असं असतं, म्हणजे गणपती त्यांनी पडवीतल्या खाटेवरूनच बघितले. आमच्या घरात उंबरे किती आहेत ते वॉकर आणल्यावर कळलं. खुर्चीचा कमोड आधीच आणून ठेवा, ते खरंच सांगतो. प्लेट बसली म्हणजे पाय तयार झाला असं नसतं, प्लेट हाडाला फक्त धरून ठेवते, जुळायचं हाडानेच, आणि आधीच वजन टाकलं तर प्लेट वाकते नाहीतर तुटते. पण बोटं हलवणं, घोटा वरखाली करणं, टॉवेल तळव्याला अडकवून ओढणं हे डॉक्टरांनी परवानगी दिल्यापासून रोज, नाहीतर घोटा आखडतो. एक्स-रेत हाड धरलेलं दिसल्यावर फिजिओने वजनकाटा मागवला, त्यावर पाय ठेवून ठरलेल्या किलोइतकाच भार द्यायचा. आण्णा काट्याकडे असे बघायचे जसे काही मासळीवाली त्यांना फसवते आहे.

आता काठी घेऊन बाजारापर्यंत जातात. संध्याकाळी घोटा सुजतो, ते महिनोन् महिने चालतं, काहींचं वर्षभर. उकिडवं बसणं मात्र अजून जमत नाही, आणि सांध्यापर्यंत गेलेल्या फ्रॅक्चरमध्ये पुढे संधिवाताची शक्यता असते हेही आम्हाला स्पष्ट सांगितलंय.

प्लेट काढायची का विचारलं तर डॉक्टर म्हणाले टोचत नसेल तर राहू दे आत, बहुतेकांची राहते. आण्णा म्हणाले, "एवढ्या पैशाची वस्तू, आणि आतच ठेवायची?" डॉक्टर हसलेसुद्धा नाहीत, रोज ऐकत असणार.