क्षमेचे दार आणि दुखरा गुडघा

प्रेषित याकोबाची कबर जिथे आहे असे परंपरा मानते, त्या सान्तियागो दे कोम्पोस्तेला या स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातील शहराकडे नवव्या शतकापासून ख्रिस्ती यात्रेकरू पायी जात आले आहेत. या वारीला कामीनो म्हणतात. तिच्या अनेक वाटांपैकी सर्वांत परिचित ती फ्रेंच वाट. पिरेनीज पर्वताच्या फ्रान्सकडील पायथ्यापासून ती सुमारे ७८० किलोमीटरची आहे. मी ती बुर्गोसपासून धरली, म्हणजे पाचशेच्या आसपास किलोमीटर शिल्लक असताना. सुरुवातीचा पर्वत टाळण्याचे कारण माझा उजवा गुडघा. त्यातील कूर्चा झिजली आहे, ती पुन्हा भरून येत नाही, आणि उतारावर तो गुडघा कधी दगा देईल याचा नेम नसतो. चालणे सोडू नका, पण जपून चाला, एवढेच डॉक्टरांचे म्हणणे होते.

या गुडघ्यासाठी प्रार्थना पुष्कळ झाली होती, माझी आणि मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, लोकांचीही. आजाऱ्याला भेटायला जाणारे आमच्यातले लोक बहुधा बायबलातले, प्रेषित पौलाचे करिंथकरांस लिहिलेले दुसरे पत्र उघडतात आणि बाराव्या अध्यायातला शरीरातल्या काट्याचा, म्हणजे पौलाच्या न सुटणाऱ्या व्यथेचा, भाग वाचतात. मीही तो इतरांच्या खाटेशेजारी बसून वाचला आहे. वाचणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या मनात अर्थ साधारण असा असतो की आज त्रास आहे, थोडे सोसा, देव बळ देईल आणि तुम्ही पुन्हा खडखडीत बरे व्हाल. पौलाने मात्र असे काही लिहिलेले नाही. काटा दूर व्हावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली, आणि उत्तर मिळाले ते असे की माझी कृपा तुला पुरे आहे, अशक्तपणातच शक्ती पूर्णतेस येते. काटा राहिला. त्याआधीच्या अध्यायाच्या शेवटी तर, आपण आपल्या दुर्बलतेचाच अभिमान बाळगू असे म्हणून तो जी हकिकत सांगतो ती दिमिष्कातून (दमास्कसमधून) पळून जाण्याची आहे : राज्यपालाची माणसे त्याला धरायला टपलेली असताना त्याला पाटीत बसवून गावकुसाच्या खिडकीतून खाली सोडण्यात आले. अर्ध्या भूमध्य प्रदेशात मंडळ्या स्थापन करणारा हा प्रेषित पाटीत अंग चोरून लोंबकळतो आहे आणि त्याचा सगळा भार वरच्या माणसांच्या हातांवर आहे. पौलाला एखादा चमत्कार सांगता आला असता; त्याने ही गोष्ट निवडली.

कास्त्रोहेरिसच्या पुढे, पिसुएर्गा नदीवरच्या जुन्या पुलाजवळ, सान निकोलास नावाचे एक मध्ययुगीन देऊळ आहे, ज्याची पडझड थांबवून इटलीतल्या पेरुजा येथील एका बंधुसंघाने तिथे यात्रेकरूंची धर्मशाळा चालवली आहे. जेवण मेणबत्त्यांच्या उजेडात होते आणि त्याआधी यात्रेकरूंचे पाय धुतले जातात. आम्हाला अर्धवर्तुळात बसवले. खांद्यावर शिंपले लावलेली आखूड काळी कफनी घातलेला एक वयस्क स्वयंसेवक गुडघ्यांवर बसून एकेकापुढे सरकत होता. त्याच्या एका हातात पितळी तांब्यासारखे भांडे होते, शेजारी परात आणि सोबत पंचा घेतलेली एक बाई. माझी पाळी आली तेव्हा बोटांच्या बेचक्यांत धुळीची काळी रेघ होती, अंगठ्याचे नख निळे पडले होते आणि टाचेवरची पट्टी अर्धी सुटलेली होती. त्याने पाणी ओतले, पट्टीला धक्का न लावता पाय पुसला, पावलाच्या वरच्या बाजूला ओठ टेकवले आणि तो उठू लागला. उठताना त्याने हात जमिनीला लावून आधार घेतला, चेहरा किंचित वाकडा झाला, आणि माझ्या ध्यानात आले की या माणसाचेही गुडघे दुखतात.

योहानाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांचे पाय धुतो, तेव्हा त्याचा शिष्य पेत्र म्हणतो, माझे पाय आपण कधीही धुवायचे नाहीत. हे वाक्य मला नेहमी नम्रतेचे वाटत आले होते. परातीत पाय असताना ते तसे वाटले नाही. दुसऱ्याचे पाय धुणे फार अवघड नसते, त्यात आपण कामाचे ठरतो. आपला मळका, सुजलेला पाय परक्या माणसाच्या हातात देऊन गप्प बसणे याला अधिक लागते. पेत्राला नेमके तेच नको होते, आणि येशूचे उत्तरही मवाळ नाही : मी तुला धुतले नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही.

त्यानंतरच्या मेसेताच्या पठाराविषयी सांगण्यासारखे थोडेच आहे. सपाट वाट, गव्हाची शेते आणि ऊन. गुडघ्याला सपाटी मानवते, त्यामुळे लेओन आणि आस्तोर्गा गाठेपर्यंत मी बऱ्यापैकी चालत होते आणि मनातल्या मनात देवाचे आभारही मानत होते, तेही बरे झाल्याबद्दल. फोन्सेबादोनच्या वरच्या लोखंडी क्रुसापाशी, दीड हजार मीटर उंचीवर, लोक घरून आणलेला दगड ठेवतात. तिथे फोटो काढणाऱ्यांचीच रांग होती. मी थांबले नाही.

खरी परीक्षा पुढच्या उतारावर होती. त्या क्रुसापासून मोलिनासेकापर्यंत वाट नऊशेच्या आसपास मीटर खाली उतरते आणि तिचा बराच भाग उभ्या पाट्यांसारख्या निघालेल्या खडकांवरून जातो. प्रत्येक पाऊल खाली टाकताना गुडघ्यात कळ, आणि पाठीवरच्या ओझ्याने ती दुप्पट. रिएगो दे आम्ब्रोसच्या खाली मी एका दगडावर बसले आणि पाय पुन्हा टेकवेना. मागून आलेल्या एका पोलिश तरुणाने काही न विचारता माझी पिशवी उचलली, स्वतःची पाठीवर होती म्हणून माझी छातीवर अडकवली, आणि माझ्या पुढे एक पायरी राहून उतरू लागला, म्हणजे मला त्याच्या खांद्यावर हात ठेवता येईल. मोलिनासेकाच्या पुलापर्यंत आमच्यात दहा शब्दही झाले नसतील. त्याला इंग्रजी बेताचे येत होते आणि मला बोलण्याचे त्राण नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून मी पिशवी गाडीने पुढे पाठवू लागले. अशी सोय सगळ्या वाटेवर आहे. पाकिटात थोडे युरो घालायचे, त्यावर पुढच्या मुक्कामाचे नाव लिहायचे आणि पाकीट पिशवीला बांधून धर्मशाळेच्या दाराशी ठेवायचे. पण रात्रीच्या जेवणाच्या टेबलावर 'खरा यात्रेकरू' हा विषय हटकून निघतो आणि खरा तो, जो आपले ओझे आपण वाहतो, असे ठासून सांगणारा कोणी ना कोणी असतोच. त्यातल्या एका गृहस्थांनी तर येशूचेच नाव घेतले : त्याने आपला क्रूस आपण वाहिला. मत्तय, मार्क आणि लूक हे तिघेही सांगतात की कुरेनेकर शिमोनाला वेठीस धरून तो क्रूस त्याच्यावर लादला गेला. परंपरा म्हणते की वाटेत येशू पडला; शास्त्रात पडल्याचा उल्लेख नाही, पण शिमोनाची गरज का लागली असेल हे समजायला फार विद्वत्ता नको. ज्याच्या दुःखसहनावर आमचे तारण उभे आहे, त्याचे ओझेही शेताकडून येणाऱ्या एका अनोळखी माणसाने काही अंतर वाहिले, आणि त्यामुळे त्या कार्यात उणे राहिले असे कोणतीही मंडळी शिकवत नाही. हे मी त्या टेबलावर बोलले नाही. माझी पिशवी गाडीने जात राहिली.

विलाफ्रांका देल बिएर्सोला पोहोचले तेव्हा मनात एकच हिशेब चालू होता, पुढचा चढ जमणार की नाही. गावात शिरतानाच फिकट दगडाचे, फारशी सजावट नसलेले सान्तियागोचे, म्हणजे संत याकोबाचे, देऊळ लागते. ते बाराव्या शतकातले आहे. त्याच्या उत्तरेकडच्या दाराला क्षमेचे दार म्हणतात. मध्ययुगात जे यात्रेकरू इथवर आले आणि आजाराने वा अशक्तपणाने पुढे जाऊच शकले नाहीत, त्यांना याच दारात, सान्तियागोच्या कबरीपर्यंत पोहोचणाऱ्यांना मिळे तेच सगळे मिळे. इथे मरण आले तरी त्यांची वारी पूर्ण झाली असे धरले जाई. पुण्याची आणि पापदंडाच्या सवलतीची ती सगळी मांडणी माझ्या प्रॉटेस्टंट मंडळीच्या शिकवणीत बसत नाही आणि मी ती बसवूही पाहत नाही. पण त्या दारापुढे मी बराच वेळ बसले. ते बंद होते, कारण ते पवित्र वर्षातच, म्हणजे २५ जुलैचा याकोबाचा सण रविवारी येतो त्या वर्षी, उघडतात.

ज्यांनी हे दार ठरवले त्यांना माणसाची नीट माहिती होती. पुढे ओ सेब्रेइरोचा घाट आहे, सुमारे पाचशे मीटरवरून तेराशे मीटरवर नेणारा, आणि त्या काळी तिथे बर्फात माणसे मरत. शेवटचे १८५ किलोमीटर उरलेले असताना जो आडवा पडला, त्याला 'प्रयत्न चांगला होता' असे सांगून परत पाठवता आले असते, किंवा त्याच्यासाठी कमी मोलाची काहीतरी सोय करता आली असती. तसे केले नाही. जो पोहोचला आणि जो पोहोचू शकला नाही, दोघांना एकच मिळाले. द्राक्षमळ्यातल्या मजुरांच्या दाखल्यात शेवटच्या तासाला आलेल्याला पूर्ण दिवसाची मजुरी देणारा धनी आहे. हे दार त्याच धन्याच्या घराचे वाटते. मी इतकी वर्षे देवाकडे शक्ती मागत होते ती पोहोचण्यासाठी. न पोहोचणाऱ्याकडेही देव तितक्याच पूर्णपणे येतो, ही शक्यता मी शब्दांनी मान्य केलेली होती, पण तिच्यावर भार टाकून कधी उभी राहिले नव्हते. त्या पायऱ्यांवर गुडघा बरा होवो अशी प्रार्थना मला सुचली नाही. हे काही मोठे धैर्य नव्हे. ती मागणी त्या वेळी बिनमहत्त्वाची झाली होती, एवढेच.

घाट मी चढले, लास एर्रेरियासला मुक्काम करून, फार सावकाश. चढ गुडघ्याला उतारापेक्षा सोसतो, त्यामुळे यात विशेष काही नाही. वरच्या गावातल्या देवळात एक जुना प्याला जपून ठेवलेला आहे आणि त्याची कथा सांगतात ती अशी : सन १३०० च्या सुमारास, भयंकर हिमवादळात, बारशामायोर गावचा एक शेतकरी केवळ मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाची उपासना, ऐकायला डोंगर चढून आला. वेदीपुढे उभ्या असलेल्या पुरोहिताला वाटले, थोड्याशा भाकरीसाठी आणि द्राक्षारसासाठी एवढी यातायात करणारा हा काय खुळा माणूस आहे. आणि त्याच क्षणी भाकरीचे मांस व द्राक्षारसाचे रक्त झाले. चमत्काराबद्दल मी आग्रह धरणार नाही. मला त्या कथेतला अशक्त माणूस कोण हे पाहावेसे वाटते. थंडीने काकडलेला शेतकरी नव्हे. ज्याचा स्वतःच्या हातांतल्या भाकरीवर विश्वास उरला नाही तो पुरोहित. आणि कथेत शिक्षा त्यालाही होत नाही. त्याच देवळाच्या आवारात एलियास वालीन्या या तिथल्या पुरोहिताचा अर्धपुतळा आहे, ज्यांनी १९८४ मध्ये ही विसरली गेलेली वाट पुन्हा शोधता यावी म्हणून पिवळे बाण रंगवायला सुरुवात केली. आज वर्षाला काही लाख लोक त्या बाणांमागून चालतात.

सार्रियानंतर गर्दी वाढते, कारण वारी पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्रासाठी पायी शेवटचे शंभर किलोमीटर पुरतात. त्या भागाबद्दल तक्रार करण्याची पद्धत आहे. मला त्या गर्दीत काठी टेकणारे, कमरेला पट्टा बांधलेले, दर तासाला बसणारे पुष्कळ लोक भेटले आणि त्यांच्याबरोबर माझी चाल जुळली.

सान्तियागोच्या कॅथेड्रलमध्ये याकोब दोन रूपांत भेटतो. एका बाजूला घोड्यावर बसून तलवार परजणारा, मूरांचा, म्हणजे स्पेनमधल्या मुस्लिमांचा, संहार करणारा याकोब. त्याच्या पायाखालच्या माणसांचे पुतळे फुलांनी झाकलेले असतात, आणि ते झाकावेसे वाटले यातच बरेच काही आले. दुसरा याकोब मातेओ या शिल्पकाराच्या ११८८ मधल्या महिमाद्वारात हातात काठी धरून शांत बसलेला आहे. शुभवर्तमानांतला याकोब पहिल्यासारखा सुरू होतो. शोमरोनी गावावर आकाशातून अग्नी पाडण्याची परवानगी तो मागतो. गौरवात येशूच्या उजव्या-डाव्या हाताला बसण्याची जागा तो आणि त्याचा भाऊ मागतात. माझा (म्हणजे दुःखसहनाचा) प्याला तुम्हाला पिता येईल काय, या येशूच्या प्रश्नाला ते बेधडक 'येईल' म्हणतात. मग गेथशेमाने बागेत, जागे राहण्याची विनवणी ऐकून, तो झोपी जातो. 'आत्मा उत्सुक आहे खरा, तरी देह अशक्त आहे' हे वाक्य पेत्राला उद्देशून आले तरी त्यात शेजारी झोपलेला याकोबही आला.

खाली तळघरात त्याच्या नावाची चांदीची पेटी आहे. तिच्यापुढे उभी असताना मला प्रेषितांच्या कृत्यांतला बारावा अध्याय आठवला. हेरोद राजाने याकोबाला तलवारीने मारले, हे तिथे एका वाक्यात संपते. त्यानंतर पेत्राला धरतात, मंडळी त्याच्यासाठी प्रार्थना करते, देवदूत येतो, साखळ्या गळून पडतात. याकोबासाठीही कोणीतरी प्रार्थना केलीच असेल. एकाला दार उघडले आणि एकाला नाही, याचे कारण कृत्यांचा लेखक लूक देत नाही, आणि पेत्राचा विश्वास अधिक होता असेही सुचवत नाही. तीच मंडळी पुढे दोघांनाही आपले प्रेषित मानत राहिली. बागेत डोळे उघडे ठेवता न आलेला माणूस शेवटी तो प्याला प्याला, एवढे मात्र त्या वाक्यात आहे.

गुडघा आहे तसाच आहे. परतीच्या विमानाचे तिकीट पक्के करताना चाकांची खुर्ची हवी का असे विचारले गेले, तेव्हा मी हो म्हटले. खुर्ची ढकलणाऱ्या बाई गॅलिसियाच्या, म्हणजे सान्तियागोच्याच प्रांतातल्या, होत्या आणि मी कुठून चालत आले हे त्यांनी सगळे विचारून घेतले.